काकूंच्या कानावर पडू नये म्हणून

लहानपणी मी एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या कानावर प्रभूची सुवार्ता पडू द्यायची नाही, हे ते काम. आजोबांपासून बाप्तिस्मा झालेलं आमचं घराणं, दर रविवारी देवळात जाणारी मी मुलगी, आणि उद्योग हा असा उलटा. पण त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. माझ्या हाती जेवढी माहिती आली होती, तेवढ्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. माहितीच अर्धवट होती, त्याला मी काय करणार?

आम्ही तेव्हा ठाकुर्लीला राहत होतो. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, पण रेशनच्या रांगा काही संपल्या नव्हत्या. बाबा रेल्वेच्या वीजघरात कामाला होते. तिथं तयार होणाऱ्या विजेवर मुंबईच्या गाड्या धावायच्या, आणि ती वीज तयार करून घरी आलेले बाबा कंदिलाची काच पुसत बसायचे. ह्यावर आई दिवसातून एकदा तरी बोलायचीच. चाळ बैठी, कौलारू. पुढे ओटा, मग एक खोली, तिच्या मागे स्वयंपाकाची. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये विटांची भिंत नव्हती, फळ्यांची होती, आणि तीही कौलांपर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर जागा मोकळी. तिथून मांजर जा-ये करायचं, फोडणीचे वास यायचे. पलीकडे आज बांगडा आहे की सुकट, हे काकांच्याआधी आम्हाला कळायचं. काकू काकांना जे बोलायच्या ते काकांनी ऐकलं नाही तरी आम्ही ऐकलेलं असायचं.

काकू रत्नागिरीकडच्या. उंच, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मूलबाळ नव्हतं. तोंडानं महाफटकळ. विहिरीवर कुणी मध्येच कळशी घुसवली तर तिच्या माहेरासकट सासरचा उद्धार व्हायचा, आणि मग त्याच काकू तिची कळशी तिच्या डोक्यावर चढवून द्यायच्या. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई अडली, बाबा रात्रपाळीला, तेव्हा सगळं काकूंनी निस्तरलं. नंतरही किती दिवस त्यांनी आईला चूल पेटवू दिली नाही. आम्ही ख्रिस्ती, त्या हिंदू, आमच्या घरचं त्यांना चालतं का, हे विचारायला कुणाला फुरसतच झाली नाही. माझी वेणी त्याच घालायच्या, आणि इतकी घट्ट घालायच्या की शाळेत दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या असायच्या. मला काकू फार आवडायच्या. आईपेक्षा जास्त, असं मी तेव्हा बोलूनही दाखवलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

त्यांच्या खोलीत एका फळीवर गणपती होता, शेजारी कुलदेवीचा टाक. सोमवार कडक. आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही, हा स्वभाव. कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना मिश्री सोडायला सांगितली, तेव्हा काकूंनी डॉक्टर सोडला. हे सांगायचं कारण पुढे येईल.

रविवारी आम्ही कल्याणला देवळात जायचो. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. उपासनेच्या आधी बाजूच्या पडवीत सतरंजीवर मुलांची शब्बाथ शाळा भरायची. शिकवायला एक बाई होत्या, नगरच्या. पांढरं पातळ, हातात कायम छत्री, पावसाळा असो की उन्हाळा. मनानं फार चांगल्या, पण आवाज असा की पडवीतल्या चिमण्या उडून जायच्या. पवित्र शास्त्रातलं एक वचन दर आठवड्याला पाठ करून म्हणायचं, म्हणजे बाई एक रंगीत चित्र द्यायच्या. माझ्याकडे अशा चित्रांची थप्पी होती. चाळीत तेवढी श्रीमंत मीच.

एका रविवारी बाईंनी डोंगरातल्या पाड्यांवर सुवार्ता सांगायला जाणाऱ्या एका प्रचारकाची हकिगत सांगितली. कसा तो ओढे ओलांडतो, कसा पाड्यांवर पोचायला त्याला कित्येक दिवस लागतात. आमची आई रोज भात लावताना एक मूठ तांदूळ वेगळे काढून डब्यात टाकायची, ते मूठधान्य ह्या कामासाठी जायचं. म्हणजे त्या प्रचारकाच्या पोटात आमच्या घरचाही भात होता. त्यामुळे मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला आणि मी विचारलं, “बाई, तो पोचायच्या आधीच जे लोक मेले, त्यांचं काय?”

बाई म्हणाल्या, “त्यांचं तारण नाही. त्यांना स्वर्गात जागा नाही.”

“त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं तरी?”

“नाही. म्हणून तर आपण घाई करायची.”

मागून हुंदका ऐकू आला. माझा भाऊ रडत होता, पण त्याला मुंगी चावली होती. मी मात्र आतून हादरले होते. डोंगरातली माणसं मी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या काकू.

त्या दिवशी ठाण्याहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले होते. महिन्यातून एकदा ते प्रभुभोजनाची भाकर द्यायला यायचे. गोल, घामेजलेले, हसरे गृहस्थ. उपासना संपल्यावर मी त्यांना दारातच गाठलं. माझा प्रश्न ऐकून ते मोठ्या कष्टानं उकिडवे बसले, म्हणजे त्यांचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं.

“बाई म्हणतात तसं म्हणणारे पुष्कळ मोठे लोक आहेत बरं का. बाईंना खोटं पाडायचं नाही. पण दुसरंही म्हणणारे तितकेच मोठे लोक आहेत. कुणी म्हणतात, अशांना मेल्यावर का होईना, प्रभू एकदा स्वतः भेटेल. आणि कुणी म्हणतात, ज्याच्या कानावर शब्द गेलाच नाही, त्याला देव ‘शब्द का मानला नाहीस’ असं कसं विचारील? त्याच्या मनात देवानं एक दिवा लावून ठेवलेला असतो. त्याच्या उजेडात तो माणूस कसा चालला, एवढंच विचारील. मला आपलं हे बरं वाटतं.”

“आणि ज्याच्या कानावर गेला, पण त्यानं पाठ फिरवली, तो?”

पाळकसाहेबांचा चेहरा गंभीर झाला. “त्याला मात्र उत्तर द्यावं लागेल, बाळ.”

ते आणखी काही सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुणीतरी त्यांना जेवायला बोलावलं, आणि ते गुडघ्यावर हात देऊन उठले. त्या दिवशी जेवण थोडं उशिरा तयार झालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

घरी येईपर्यंत मी सगळा विचार करून टाकला. काकूंच्या मनातला दिवा भक्कम होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. शिव्या सोडल्या तर त्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणजे त्यांनी काही ऐकलं नाही तर त्या पहिल्या वर्गात पास होणार. पण ऐकलं, तर त्या पाठ फिरवणार, हे नक्की. ज्यांनी मिश्री सोडली नाही त्या गणपती काय सोडतील? आणि मग त्यांना उत्तर द्यावं लागणार. काकू देवाला कसलं उत्तर देतील तेही मला दिसत होतं. म्हणजे काकूंना धोका होता तो फक्त आमच्यापासून.

त्या दिवसापासून मी पहाऱ्यावर बसले.

पहिला धोका बाईंचा. दर गुरुवारी दुपारी त्या ठाकुर्लीला येत, आमच्या ओट्यावर बसत. चाळीतल्या बायका सुपात तांदूळ निवडत भोवती जमायच्या. बाई एक गाणं म्हणायच्या, गुंडाळलेलं मोठं चित्र उलगडून गोष्ट सांगायच्या. काकूंची दुपारची झोप दांडगी, म्हणून त्या आजवर वाचल्या होत्या. पण बाई स्वतः जाऊन दार वाजवणाऱ्यांपैकी. मी शाळेतून धावत येऊन काकूंच्या दारात ठाण मांडायची आणि सांगायची, “काकूंना बरं नाही.” एका गुरुवारी डोकं दुखत होतं, पुढच्या गुरुवारी ताप, मग कंबर, मग पुन्हा ताप. बाईंचा जीव कळवळला. एका रविवारी त्यांनी भर उपासनेत उभं राहून ठाकुर्लीच्या आजारी भगिनीसाठी प्रार्थनेची विनंती केली, आणि कल्याणची सगळी मंडळी डोळे मिटून काकूंच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू लागली. बाबांनी डोळे उघडून आईकडे पाहिलं. आईनं खांदे उडवले. मी डोळे गच्च मिटून घेतले. मात्र एक खरं, त्या वर्षी काकूंना साधं पडसंही झालं नाही.

दुसरा धोका माझा भाऊ. त्याला नुकतंच बोलता-गाता यायला लागलं होतं आणि अंगणात तो देवळातली गाणी खड्या आवाजात म्हणत फिरायचा. त्याचं तोंड बंद ठेवायला मला माझी सगळी चित्रं एकेक करून त्याला द्यावी लागली. त्यानं ती ओल्या हातानं धरली, काहींना चावा घेतला. मला रडू यायचं, पण काकूंपुढे चित्रांचं काय?

तिसरा धोका अगदीच अनपेक्षित निघाला. काकू एकदा आमच्याकडे आल्या असताना आई मूठधान्य काढत होती. काकूंनी विचारलं, “हे कशाला गो?” मी आईच्या आधी म्हणाले, “गरिबांसाठी.” काकू घरी गेल्या आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या. “माझीपण घाला.” मग ते नेमानंच सुरू झालं. डोंगरातल्या लोकांना सुवार्ता पोचावी म्हणून काकूंचा तांदूळ जात होता, आणि काकूंना ती पोचू नये म्हणून मी जिवाचं रान करत होते.

असं करत नाताळ आला. साखर साठवून साठवून आईनं करंज्या आणि लाडू केले. करंज्या लाटायला अर्थात काकू. तेव्हा बाबा म्हणाले, “ह्या वेळी नगरहून कीर्तनकार येतायत कल्याणला. एक कीर्तन आपल्या चाळीत ठेवलं तर?”

मला वाटलं, काकू नको म्हणतील. काकूंचा चेहरा उजळला. “कीर्तन? अहो भाऊ, विचारता काय! आमच्या गावात शिमग्यानंतर कीर्तनं असायची, देवळाबाहेर माणूस मावायचा नाही. इथं आल्यापासून कानांना उपास घडलाय.”

माझं धाबं दणाणलं. ख्रिस्ती कीर्तन म्हणजे नाव बदललेलं दुसरं काही नसतं. तोच फेटा, तीच पेटी, तोच तबला, चिपळ्या तशाच. फक्त आख्यान आमचं. आणि ते इतकं समजावून सांगतात की आमच्या भावालाही कळावं. काकूंनी अंगण स्वतः सारवलं, रांगोळी काढली, कुठूनशी पेट्रोमॅक्स मिळवली, सतरंज्या घालताना बायकांना कुठं बसायचं ते दामटून सांगितलं. स्वतःसाठी जागा ठेवली ती बुवांच्या अगदी समोर.

दिवेलागणीला बुवा उभे राहिले. नमन झालं. मग ते म्हणाले, आजचं आख्यान हरवलेल्या मेंढराचं. काकूंनी पदर सावरला, मांडी ठाकठीक केली, आणि मी पोट धरून सतरंजीवर आडवी झाले.

मी इतकी छान कळवळले की आईच्या हातातली चहाची किटली हिंदकळली. तिला जागचं हलता येईना, माणसं जमलेली. काकूंनी मला उचललं आणि थेट त्यांच्या खोलीत नेऊन निजवलं. माझा जीव भांड्यात पडला. पण पाठोपाठ कळलं की काही उपयोग झालेला नाही. बुवांचा आवाज स्टेशनपर्यंत जाणारा, आणि काकूंचं दार उघडं. काकूंनी माझ्या तोंडात ओवा कोंबला, बेंबीवर हिंग लावला, शेकायला फडकं गरम करू लागल्या. बाहेर मेंढपाळ मेंढरं मोजत होता. एक कमी भरलं. मी कण्हले. मेंढपाळ काळोखात निघाला. मी आणखी मोठ्यानं कण्हले. तो हाका मारत कड्यापर्यंत पोचला तेव्हा मी जवळजवळ किंचाळत होते.

काकू माझ्यावर वाकल्या. “अगो, जरा हळू कण्ह. मला ऐकू दे.”

“काकू, तुम्ही नका ऐकू!”

“का गो?”

“नका ना ऐकू! कान बंद करा!”

काकूंनी फडकं खाली ठेवलं. माझ्या पोटावर हात फिरवला, चार ठिकाणी दाबून पाहिलं. “तुझं पोट दुखत नाहीये,” त्या म्हणाल्या. “काय झालंय ते खरं सांग, नाहीतर आणखी ओवा देईन.”

मी रडायला लागले आणि रडता रडता सगळं ओकले. डोंगरातली माणसं, बाईंचं म्हणणं, पाळकसाहेबांचा दिवा, गुरुवारचे ताप, भावाला दिलेली चित्रं, सगळं. “तुम्ही ऐकलंत की तुम्ही नाही म्हणणार, आणि मग देव तुम्हाला विचारणार. तुम्ही मला हव्या आहात तिथं, स्वर्गात,” असंही म्हणाले.

काकूंना हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून त्या हसत होत्या.

“अगो बाय माझे, मग तुझ्या बापाचं तोंड कोण बांधणार होतं?”

मला कळेना. मग काकूंनी मला आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची नक्कल करून दाखवली. अगदी बाबांच्या खाकरण्यापासून. चष्म्याची डबी टक्कन उघडते. ‘चला रे, बसा.’ भाऊ पळतो, आई त्याला चिमटा काढते, तो भोकाड पसरतो. मग गाणं. दुसऱ्या कडव्याला बाबांचा सूर खाली घसरतो आणि आई तो वर ओढून आणते. मग शास्त्र वाचताना बाबा बोट फिरवतात की काय कोण जाणे, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात. “ते मेंढरू तुझ्या बापानं कितीदा शोधून आणलंय म्हणून सांगू! पण हे बुवा काय रंगवतायत, ते ऐकू दे की मला. तुम्ही राहायला आलात तेव्हापासून ऐकत्येय मी. तुमची प्रार्थना सुरू झाली की मी भात चढवते. तुमचं आमेन झालं की माझा भात झाला.”

त्यांच्याकडचं आम्हाला ऐकू येतं, एवढं मला ठाऊक होतं. आमच्याकडचं त्यांना ऐकू जातं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंना अडवलं, भावाला अडवलं, आणि रोज संध्याकाळी त्याच भिंतीला पाठ टेकून मी स्वतः गाणं म्हणत होते.

आता मात्र मी खरी रडले. पोटही खरंच दुखायला लागलं, ओव्यानं. सगळं संपलं होतं. काकूंनी ऐकलं होतं, सगळंच्या सगळं, वर्षानुवर्षं, आणि फळीवर गणपती होता तिथंच होता.

काकूंनी मला उठवून मांडीशी ओढलं. “इकडे बघ. मी पाठ फिरवली असं कोण म्हणालं तुला? मी तर भिंतीकडे तोंड करून बसते. चूलच तिथं आहे. ऐकते. बरं वाटतं, म्हणून ऐकते. माझा गणपतीही ऐकतो, तो काही बोललेला नाही अजून.”

“पण देव...”

“देवाचं राहू दे, तुझं बघू. तू एवढीशी कार्टी. माझ्यापायी खोटं बोललीस, जपून ठेवलेली चित्रं घालवलीस, आत्ता वाटीभर ओवा गिळलास. कशासाठी? मी कुठं हरवू नये म्हणून ना? मग तुझा देव काय तुझ्याहून कमी जीव लावणारा आहे? तसा असला तर मला त्याच्याकडे जायचंच नाही, जा सांग त्याला. आणि तसा नसला तर तू रडतेस कशाला? पूस डोळे. बाहेर गजर सुरू झालाय. सापडलं वाटतं मेंढरू.”

मी डोळे पुसले. छातीवरचं ओझं गेलं, हे मला आठवतं. पुढे मोठेपणी ह्या विषयावरची जाडजूड पुस्तकं मी वाचली. विद्वान लोक एकमेकांशी फार भांडलेले आहेत. वाचताना मला हिंगाचा वास येतो.

कीर्तन संपल्यावर उरलेला चहा पिताना काकूंनी सगळी हकिगत अंगणात जाहीर केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा हसता हसता मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला. बाई हसल्या नाहीत. न झालेल्या तापांसाठी त्यांनी सगळ्या मंडळीला प्रार्थनेला लावलं होतं. पण त्यांनी काकूंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “प्रार्थना वाया गेलेली नाही. बघा कशा ठणठणीत आहेत.” आपलं मत मात्र त्यांनी सोडलं नाही. शास्त्र ते शास्त्र, असं त्या शेवटपर्यंत म्हणायच्या, आणि दर गुरुवारी काकूंच्या शेजारी बसून सुकटीत चिंच घालावी की कोकम ह्यावर तावातावानं बोलायच्या. तिथंही दोघींनी आपापलं मत सोडलं नाही.

पाळकसाहेब आले तेव्हा मी त्यांना पुन्हा गाठलं. ज्यांनी रोज ऐकलं, पाठ फिरवली नाही, पण आलेही नाहीत, भात शिजवत भिंतीपलीकडेच बसले, अशांचं काय? ह्या खेपेला ते उकिडवे बसले नाहीत, उभ्यानंच डोकं खाजवत राहिले. “ह्या लोकांबद्दल मला कुणी शिकवलंच नाही, बाळ,” ते म्हणाले. मग हळूच विचारलं, “करंज्या त्यांनीच केल्या होत्या का ह्या वर्षी?”

आपला आवाज पलीकडे जातो हे कळल्यावर बाबा बिचारे लाजले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रार्थना इतकी हळू सुरू केली की आम्हालाच ऐकू येईना. थोड्या वेळानं फळ्यांवर थाप पडली. “भाऊ, काय पुटपुटताय? भात करपेल माझा!” त्यानंतर बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. कठीण शब्द आला की अर्थही सांगायचे. आम्हाला त्यांनी कधी सांगितला नव्हता.

अशी काही वर्षं गेली. मग बाबांची बदली भुसावळला झाली. सामान बांधून झालं. शेवटच्या संध्याकाळी चष्म्याची डबी टक्कन उघडली आणि तेवढ्यात दारात काकू उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतलेला. “आज इथंच बसते,” म्हणाल्या. प्रार्थनेला त्या आमच्या बाजूला पहिल्यांदाच आल्या होत्या. आईनं चटई टाकली. बाबांना इतका आनंद झाला की ते नेहमीपेक्षा जास्त वेळ खाकरले. मी काकूंना चिकटून बसले. मी आता मोठी झाले होते, तरीही.

बाबांनी गाणं सुरू केलं. काकू चुळबुळत होत्या. आमच्या तोंडांकडे बघत होत्या, बांधलेल्या वळकट्यांकडे बघत होत्या, भांड्यांच्या रिकाम्या फळ्यांकडे बघत होत्या. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

“थांबा हो भाऊ. इथून काही नीट ऐकू येत नाही.”

आणि त्या उठून गेल्या. त्यांचं दार वाजलं. पाट सरकवल्याचा आवाज आला, भिंतीच्या अगदी जवळ. पातेल्यावर झाकण ठेवलेलं ऐकू आलं.

“हं. आता करा सुरू.”

बाबा भिंतीकडे वळले. पण त्यांचा सूर त्या दिवशी दुसऱ्या कडव्यापर्यंतही टिकला नाही, पहिल्याच ओळीला खाली घसरला. आईनं तोंडाला पदर लावला होता, तिच्यानं सूर काही वर ओढवला नाही. तो ओढला पलीकडून काकूंनी, आणि गाणं शेवटपर्यंत नेलं.